शब्दांचे पारखी

इसवी सन १८६९ मध्ये अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने भारतात दोन बालके जन्मास आली. त्यांपैकी एकाचा जन्म २ ऑक्टोबरला काठेवाडातील पोरबंदर येथे एका दिवाणाच्या घराण्यात झाला. तो मुलगा पुढे महात्मा गांधी या नावाने जगद्वंद्य झाला. दुसऱ्याचा जन्म त्याआधी दहा दिवस, म्हणजे २२ सप्टेंबरला, दक्षिणेत कावेरीकाठच्या प्रदेशात झाला. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम नावाचे प्रसिद्ध देवळांचे नगर आहे. त्या नगराजवळ वलंगैमान हे लहानसे गाव. तेथील एका गरीब पुरोहिताच्या घरी हा दुसरा मुलगा जन्मला. त्याचे नाव श्रीनिवास.

दक्षिणेकडे नावाच्या आधी गावाचे व वडिलांचे नाव लावण्याची रीत आहे. त्या रीतीप्रमाणे वलंगैमान शंकरनारायण श्रीनिवास शास्त्री असे त्यांचे पूर्ण नाव झाले. इंग्रजी भाषेवर असामान्य प्रभुत्व मिळवून आपल्या वाणीने देशोदेशींच्या सभा जिंकणारे नामदार श्रीनिवास शास्त्री ते हेच.

श्रीनिवासाच्या घरी विद्या होती, परंतु धन नव्हते. वडील संस्कृतज्ञ, आचारनिष्ठ आणि भिक्षुकीच्या तुटपुंज्या प्राप्तीवर संसार चालविणारे. अशा घरात पुस्तके विकत घेणे ही चैनच होय. तथापि मुलाची बुद्धी तल्लख होती. कुंभकोणमच्या शाळेत व नंतर तेथील सरकारी महाविद्यालयात त्याने अध्ययन केले. हे महाविद्यालय त्या काळी दक्षिणेचे केंब्रिज म्हणून ओळखले जाई. थोर गणिती रामानुजन यांनीही पुढे काही काळ तेथेच शिक्षण घेतले. श्रीनिवासाने इंग्रजी व संस्कृत या दोन्ही विषयांत प्रथम श्रेणी मिळवून पदवी संपादन केली.

इंग्रजी भाषा आपल्या मुलांना अवघड का जाते, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. कारण श्रीनिवास शास्त्री यांची सारी कीर्ती या अवघड वाटेवरूनच आली. मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ करणे फारसे कठीण नाही. शब्दकोश उघडावा, अर्थ पाहावा, चार वेळा घोकावा, की तो शब्द आपला झाला. खरी अडचण येते ती ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’, ‘विथ’, ‘फॉर’, ‘फ्रॉम’ अशा दोन-चार अक्षरांच्या इवल्याशा शब्दांपाशी. इंग्रजीत त्यांना प्रिपोझिशन असे म्हणतात. त्या नावाचा अर्थच मुळी आधी ठेवलेला शब्द असा आहे. मराठीत हे काम विभक्तीचे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये करतात आणि ती नामाच्या मागून येतात. आपण घरात, झाडाखाली, नदीपर्यंत असे म्हणतो. इंग्रज मनुष्य ‘त’, ‘खाली’ आणि ‘पर्यंत’ आधी म्हणतो व घर, झाड आणि नदी मागाहून आणतो. तमिळ भाषेची रीत या बाबतीत मराठीसारखीच आहे.

केवळ जागा बदलली असती तर हा पेच लवकर सुटला असता. परंतु अर्थही जुळत नाहीत. मराठीत आपण माणसावर रागावतो. तमिळमध्येही राग माणसावरच असतो. म्हणून आपला विद्यार्थी इंग्रजीत बोलताना ‘वर’ या अर्थाचा ‘ऑन’ हा शब्द बेधडक वापरतो, आणि तो चुकतो. कारण इंग्रजीत माणसाच्या बाबतीत ‘अँग्री’ या शब्दामागून ‘विथ’ यावे लागते. आपल्याकडे लग्न कोणाशी तरी होते. म्हणून तेथे ‘विथ’ घालावासा वाटतो, पण इंग्रज तेथे ‘मॅरिड टू’ म्हणतो. आंबा झाडावर असतो आणि पोपटही झाडावरच असतो. इंग्रजीत मात्र आंब्याला ‘ऑन’ चालतो, तर फांद्यांच्या गर्दीत बसलेल्या पोपटासाठी बहुधा ‘इन’ लागतो. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो. इंग्रजीत ‘डिस्कस’ या क्रियापदापुढे ‘वर’ दाखविणारा शब्द मुळीच येत नाही. तो घातला की चूक!

एकाच क्रियापदापुढे निरनिराळे लहान शब्द ठेवले तर अर्थ किती दूर जातो, हे ‘लुक’ या क्रियापदावरून ध्यानात येते. त्यापुढे ‘ॲट’ आला तर पाहणे, ‘फॉर’ आला तर शोधणे, ‘आफ्टर’ आला तर सांभाळणे आणि ‘इन्टू’ आला तर चौकशी करणे! बाळाला सांभाळ असे सांगावयाचे असता बाळाला शोध असे सांगितले गेले, तर घरात केवढी धांदल उडेल! हे सारे ठरावीक नियमांत बसविता येत नाही. नियम वीस सांगावेत, तर अपवाद चाळीस निघतात. चांगले लेखन पुष्कळ वाचणे, मोठ्याने वाचणे, आणि शंका आली की आळस न करता कोश उघडणे, एवढाच मार्ग उरतो.

ज्याच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही कोणी बोलत नव्हते, अशा पुरोहिताच्या मुलाने हा मार्ग चोखाळला. पदवी मिळताच श्रीनिवास शास्त्री शिक्षक झाले. सेलम येथे त्यांनी काही वर्षे अध्यापन केले आणि १८९४ साली मद्रास शहरातील ट्रिप्लिकेन भागातल्या हिंदू हायस्कूलचे ते मुख्याध्यापक झाले. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. शुद्ध उच्चार, नेमका शब्द आणि त्या शब्दाची नेमकी जागा यांविषयी त्यांचा कटाक्ष विलक्षण असे. भाषेतील चूक ही त्यांना गायनातील बेसूर स्वरासारखी तत्काळ खुपत असे. काहींना हा अतिरेक वाटे, आणि तो तसा कधी कधी असेलही. परंतु शास्त्रींनी हा नियम दुसऱ्यांच्या आधी स्वतःला लावला होता. थोड्याच वर्षांत उत्कृष्ट इंग्रजी जाणणारे शिक्षक म्हणून त्यांचे नाव मद्रास इलाख्यात सर्वतोमुखी झाले. शाळेबाहेरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९०४ साली ट्रिप्लिकेनमध्ये जी सहकारी ग्राहक संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

अशा प्रकारे संसार सुरळीत चालला असता त्यांच्या आयुष्याला एक वळण लागले. १९०५ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. द्रव्यार्जनाचा मोह सोडून सारे आयुष्य देशकार्याला वाहणारे सुशिक्षित तरुण एकत्र आणावेत, असा त्यांचा हेतू होता. १९०६ साली शास्त्री व गोखले यांची भेट झाली आणि पुढच्याच वर्षी शास्त्री समाजाचे सदस्य झाले. वय सदतीस, पाठीशी कुटुंब, हाती मानाचा पेशा. हे सर्व मागे टाकून दूरच्या पुण्यास येऊन व्रतस्थ जीवन पत्करणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुण्यात शास्त्रींना गुरू मिळाला तोही शब्दांच्या बाबतीत तितकाच काटेकोर. गोखले स्वतः न्यायमूर्ती रानडे यांच्या तालमीत तयार झालेले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम करीत असता रानड्यांच्या करड्या नजरेखालून गोखल्यांचे लेखन जाई. जे लिहावयाचे ते पुरेपूर तपासून, आकडा चुकता कामा नये, शब्द सैल पडता कामा नये, अशी ती शिकवण होती. रानड्यांकडून गोखल्यांकडे आलेला हा वारसा शास्त्रींच्या हाती आला. राज्यकर्त्यांशी त्यांच्याच भाषेत वाद घालावयाचा, तर भाषेत फट ठेवून कसे चालेल? कायद्याच्या मसुद्यात तर इवल्या शब्दांना फारच महत्त्व येते. मंत्री एखाद्या खात्याला जबाबदार असणे निराळे आणि लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असणे निराळे. इंग्रजीत पहिल्या अर्थासाठी ‘फॉर’ लागतो व दुसऱ्यासाठी ‘टू’. पहिला शब्द कामाचा बोजा दाखवितो. दुसरा शब्द जाब विचारण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते सांगतो. भारतीय पुढारी त्या काळी ज्या हक्कासाठी झगडत होते, तो या दुसऱ्या इवल्या शब्दात सामावलेला होता.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले आणि समाजाच्या अध्यक्षपदाची धुरा शास्त्रींवर आली. त्याच सुमारास गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच भारतात परतले होते. गोखल्यांना ते गुरुस्थानी मानीत व त्यांनी समाजात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे गांधीजींनी समाजाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. परंतु गांधीजींची कार्यपद्धती व समाजाची कार्यपद्धती यांत मोठे अंतर आहे असे अनेक सदस्यांना वाटत होते. मित्रांत फूट पडू नये म्हणून गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला. मतभेद तर राहिलेच. नवल असे, की त्यानंतर गांधीजी व शास्त्री यांचा स्नेह उत्तरोत्तर वाढतच गेला. पत्रांतून गांधीजी त्यांना भाऊ म्हणून संबोधीत.

इंग्रजीत ‘ॲग्री’ या क्रियापदाची एक गंमत आहे. माणसाशी एकमत असले की त्यापुढे ‘विथ’ येतो आणि एखादी योजना मान्य केली की ‘टू’ येतो. गांधीजींच्या योजना शास्त्रींना फार थोड्या वेळा मान्य झाल्या. देश स्वतंत्र व्हावा, ही तळमळ दोघांच्याही ठायी सारखीच होती. पण कायदेभंग व असहकार हे मार्ग शास्त्रींना धोक्याचे वाटत. सनदशीर मार्गाने, युक्तिवादाने व मन वळवून सरकारकडून हक्क मिळवावेत, असे त्यांचे ठाम मत होते.

याचा अर्थ ते सरकारची भीड धरीत असा नव्हे. १९१९ साली सरकारने रौलट विधेयक आणले. केवळ संशयावरून माणसास चौकशीशिवाय अटकेत ठेवण्याची मुभा त्यात होती. वरिष्ठ कायदेमंडळात शास्त्रींनी या विधेयकावर कडाडून हल्ला चढविला. त्या दिवशी गांधीजी प्रेक्षकांत बसले होते. कायदेमंडळाचे कामकाज पाहण्यास ते आयुष्यात तेवढे एकदाच गेले. व्हाइसरॉय मंत्रमुग्ध झाल्यासारखे शास्त्रींचे भाषण ऐकत होते, असे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले. भाषणाचा परिणाम मात्र शून्य! विधेयक संमत झालेच. सुंदर शब्दांनी सरकारचे मन पालटत नाही, हे गांधीजींनी ओळखले व सत्याग्रहाची हाक दिली. शास्त्रींनी आपला मार्ग सोडला नाही. येथे त्यांचा अंदाज चुकला असे म्हणावे लागते. राज्यकर्त्यांच्या सद्बुद्धीवर त्यांनी जो विश्वास टाकला, तो पुन्हा पुन्हा फोल ठरला. देशात असहकाराची लाट उसळली असता त्यांना लोकांची कठोर टीका ऐकावी लागली. ती त्यांनी ऐकून घेतली आणि आपल्या मताशी प्रामाणिक राहिले.

परदेशांत राहणाऱ्या भारतीयांची दैना हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. १९२१ साली लंडनमध्ये साम्राज्यपरिषद भरली. साम्राज्याच्या इतर भागांत कायदेशीरपणे स्थायिक झालेल्या भारतीयांना नागरिकत्वाचे हक्क मिळावेत, असा ठराव शास्त्रींच्या प्रयत्नाने तेथे झाला. दक्षिण आफ्रिकेने तेवढा विरोध केला. पुढच्या वर्षी हा ठराव कृतीत आणण्याची विनंती करण्यासाठी शास्त्री ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या देशांत फिरले. गावोगाव सभा झाल्या. ज्यांची ती मातृभाषा होती तेच लोक या धोतर-फेट्यांच्या देशातून आलेल्या पाहुण्याचे निर्दोष इंग्रजी ऐकून थक्क झाले. रुपेरी वाणीचा वक्ता ही पदवी त्यांना मिळाली ती अशा सभांतूनच. ऑस्ट्रेलियाने १९२५ साली तेथील भारतीयांना मताचा अधिकार दिला. संख्येने ते भारतीय थोडे होते. तथापि शास्त्रींच्या त्या प्रवासाचे हे फळच म्हटले पाहिजे.

आता १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीकडे वळू. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगीत होते. त्यांच्या पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. आंत्रपुच्छाचा दाह झाला असून तत्काळ शस्त्रक्रिया न केल्यास प्राणावर बेतेल, असे पुण्याचे सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी निदान केले. गांधीजींना तुरुंगातून ससून रुग्णालयात हलविण्यात आले. मुंबईहून त्यांचे परिचित डॉक्टर बोलाविण्याचा प्रयत्न झाला. पण ते वेळेवर येऊ शकत नव्हते. पुण्यातील कोणाला बोलवावे, असे विचारता गांधीजींनी डॉक्टर फाटक व श्रीनिवास शास्त्री यांची नावे सांगितली.

ज्याच्या राजकारणाला आपण उघड विरोध केला, त्याच्या उशाशी शास्त्री त्या रात्री उभे राहिले. प्रसंग मोठा बिकट होता. सरकारचा कैदी, सरकारचे रुग्णालय, शस्त्र चालविणारा इंग्रज डॉक्टर. काही बरेवाईट झाले असते तर देशभर आग भडकली असती. म्हणून शस्त्रक्रियेला रुग्णाची स्वेच्छेने दिलेली संमती लेखी हवी होती आणि तिच्यातील प्रत्येक शब्द असा हवा होता, की पुढे त्याचा कोणाला विपरीत अर्थ करता येऊ नये. वेदनांनी व्याकूळ झालेले गांधीजी क्षीण स्वरात सांगू लागले व शास्त्री पेन्सिलीने लिहून घेऊ लागले. सरकारने आपले डॉक्टर बोलाविण्याची मुभा दिली होती; ते वेळेवर मिळू शकले नाहीत; विलंब धोक्याचा आहे; कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे व त्यांनी शस्त्रक्रिया करावी, असा त्या मजकुराचा आशय होता. शास्त्रींनी तो एकदा वाचून दाखविला. मग कर्नलना जवळ बोलावून पुन्हा वाचला. कर्नलचे समाधान झाले.

गांधीजींनी गुडघे उभे करून त्यांवर कागद ठेवला आणि पेन्सिलीने सही केली. हात थरथर कापत होता. सहीतले शेवटचे इंग्रजी अक्षर ‘आय’. त्याच्यावर टिंब द्यावयाचे राहून गेले. एवढ्या काळजीच्या क्षणीही शास्त्रींच्या नजरेतून ते टिंब सुटले नाही. नंतर त्या रात्रीचा वृत्तान्त लिहिताना त्यांनी ही बारीकशी गोष्टही टिपून ठेवली. शस्त्रक्रिया चालू असतानाच विजेचे दिवे गेले व उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

त्यानंतरची शास्त्रींची वर्षे धावपळीची गेली. दक्षिण आफ्रिकेत भारतीयांना वेगळ्या वस्त्यांत कोंडणारा कायदा येऊ घातला होता. त्याविषयी वाटाघाटी करण्यास जे शिष्टमंडळ १९२६ च्या अखेरीस केपटाऊनला गेले, त्यात ते होते. १९२७ साली करार होऊन तो कायदा तूर्त टळला आणि भारत सरकारचा प्रतिनिधी तेथे नेमण्याचे ठरले. या पहिल्या जागेवर शास्त्रींनीच जावे, असा आग्रह गांधीजींनी धरला. प्रकृती नाजूक असताही ते गेले व १९२९ च्या आरंभापर्यंत तेथे राहिले. मूळचा शिक्षक तेथेही जागा झाला. भारतीय मुलांसाठी चांगली माध्यमिक शाळा नाही हे पाहून त्यांनी तेथील भारतीयांकडून वर्गणी गोळा केली. तिच्यातून डर्बन शहरात जे विद्यालय उभे राहिले, त्याला शास्त्री कॉलेज हेच नाव मिळाले. १९२८ साली सरकारने देऊ केलेला मोठा किताब त्यांनी नाकारला.

१९३५ साली ते चिदंबरमजवळील अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू झाले व १९४० पर्यंत त्या पदावर राहिले. याच काळात त्यांच्या हातून एक काम पार पडले. त्या कामाविषयी त्या वेळी फारच थोड्यांना ठाऊक होते.

गांधीजींनी आपली आत्मकथा गुजरातीत लिहिली. १९२५ च्या नोव्हेंबरपासून ती ‘नवजीवन’ साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई तिचा इंग्रजी अनुवाद करीत आणि तो ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध होई. पुढे हा अनुवाद १९२७ व १९२९ साली दोन खंडांत ग्रंथरूपाने निघाला. महादेवभाई मोठे विद्वान आणि रसिक. परंतु दर आठवड्याला, प्रवासाच्या धामधुमीत, मूळ मजकूर हाती पडताच भाषांतर करावयाचे, तर बारीकसारीक दोष राहणारच. गुजरातीतही ‘मां’, ‘पर’, ‘थी’ हे शब्द नामाच्या मागेच येतात. गुजरातीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याला तोच जुना इवल्या शब्दांचा पेच पडतो. मग तो कितीही विद्वान असो.

नवी आवृत्ती काढावयाचे ठरले, तेव्हा भाषेच्या दृष्टीने सारा ग्रंथ कोणी तरी अधिकारी व्यक्तीने तपासावा असे महादेवभाईंच्या मनात आले. त्यांनी शास्त्रींना विनंती केली. शास्त्रींचे वय सत्तरीला टेकले होते. हृदयाचा विकार जडलेला होता. ग्रंथ शेकडो पानांचा आणि त्यात सांगितलेल्या कितीतरी गोष्टी अशा, की त्या शास्त्रींना कधीच पटल्या नव्हत्या. असहकाराचा आरंभ त्यात होता. सत्याग्रहाचे समर्थन त्यात होते. भारत सेवक समाजाकडे केलेल्या आणि मागे घेतलेल्या त्या अर्जाची हकीकतही त्यात होती. ज्यांच्याशी वाद आहे अशांच्या लेखनातील दोष हुडकून ते मिरविणारे पुष्कळ असतात. शास्त्रींनी ते दोष हुडकले व गुपचूप दुरुस्त केले. काम हाती घेताना त्यांनी एकच अट घातली. आपले नाव कोणत्याही परिस्थितीत प्रकट होता कामा नये.

महादेवभाईंनी ती अट पाळली. सुधारलेली आवृत्ती १९४० साली निघाली. ज्यांची इंग्रजीचे थोर विद्वान म्हणून ख्याती आहे अशा एका आदरणीय स्नेह्याने हा अनुवाद काळजीपूर्वक तपासून दिला, असा उल्लेख प्रस्तावनेत आला. नाव आले नाही. हे स्नेही श्रीनिवास शास्त्री होते ही गोष्ट मागाहून कळून आली.

महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्यातील आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना वारले. शास्त्री मद्रासला परतले होते. १९४४ साली त्यांनी तेथे वाल्मीकीच्या रामायणावर इंग्रजीतून व्याख्याने दिली. लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकलेले श्लोक आणि आयुष्यभर कमावलेले इंग्रजी यांचा त्या व्याख्यानांत संगम झाला होता. १९४६ च्या जानेवारीत गांधीजी मद्रासला आले, तेव्हा शास्त्री रुग्णालयात होते. गांधीजी त्यांच्या भेटीस गेले आणि एकदा भेटून त्यांचे समाधान झाले नाही. ते पुन्हा गेले. बावीस वर्षांपूर्वी ससूनमध्ये एक जण खाटेवर होता व दुसरा उशाशी. आता जागा बदलल्या होत्या.

१७ एप्रिल १९४६ रोजी श्रीनिवास शास्त्री यांचे देहावसान झाले. गांधीजींच्या इंग्रजी आत्मकथेच्या असंख्य प्रती तेव्हापासून छापल्या गेल्या आणि आजही छापल्या जातात. त्यांच्या पहिल्या पानावर भाषांतरकार म्हणून महादेव देसाई यांचे नाव असते. महादेवभाईंची ती जुनी प्रस्तावनाही पुढे असते आणि तिच्यात एका आदरणीय स्नेह्याचा उल्लेख येतो, नावावाचून.